बरणीचा पुरावा

"माझ्या परसात खणा! बघा काय काय निघतं!" निवृत्त हेडक्लार्क भर बैठकीत छाती काढून म्हणाले, आणि त्या वाक्याचा पश्चात्ताप त्यांना अजून पुरतो आहे.

हौशी पुरातत्त्व मंडळात ते शिरले होते घरात बायकोच्या पायांत यायला नको म्हणून. मंडळात प्रत्येकाच्या नावावर काही ना काही शोध होता. कुणाचं नाणं, कुणाचे मणी. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, त्यांना तर अख्खा जबडा सापडलेला, घोड्याचा का होईना! हेडक्लार्कांच्या नावावर नुसती हजेरी. अध्यक्ष दर बैठकीत टेबलावर मूठ आपटत, "पुरावा पाहिजे, पुरावा!" हेडक्लार्कांनी या शब्दाचा अर्थ नोकरीभर वेगळाच लावला होता: सापडला की पुरावा!

रविवारी मंडळ दोऱ्या, खुंट्या आणि ब्रश घेऊन हजर झालं. हेडक्लार्कांनी कुंपणाजवळची जागा दाखवली. अध्यक्ष मात्र नळाजवळ उकिडवे बसले, चिमटीत माती घेतली आणि ओरडले, "इथली माती हललेली आहे! कुणीतरी खड्डा खणून बुजवलाय!"

हेडक्लार्क धावतच नळाजवळ आले. तिथेच तर होती बावीस वर्षं दाबून ठेवलेली फाईल!

बावीस वर्षांपूर्वी पंखा पुसताना स्टुलावर त्यांचा तोल गेला होता आणि फळीवरची निळ्या वेलीची बरणी खाली आली होती. बायकोच्या आईची. आई जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. झाकण तेवढं घासायला टाकलेलं, म्हणून वाचलं. त्यांनी तुकडे जुन्या शर्टात गुंडाळून पुरले. बायकोने बाजारातून आल्यावर विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "धाकटी मघाशी येऊन गेली."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं! बायकोची धाकटी बहीण खरंच येऊन गेली होती, आणि ती बरणी तिला हवी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. बहिणींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. धाकटी दोन गल्ल्या सोडून राहते, पण तिच्या लेकीचं लग्न झाल्याचं यांना वाण्याकडून कळलं. त्या दिवशी बायको घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली होती. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

"साहेब, तिथे ड्रेनेज आहे हो!" हेडक्लार्क आडवे येत म्हणाले.

"मग खापरं कशी निघतायत?" अध्यक्षांनी खणता खणता विचारलं.

चिखलाने माखलेली खापरं बायकोने ओळखली नाहीत. अध्यक्षांनी दोन आठवडे संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवून, दाताला लावतात त्या सिमेंटने अख्खी बरणी जोडली. "किमान दोनशे वर्षांची!" ते गहिवरून म्हणाले. "कापडात गुंडाळून पुरलीय. पुरणाऱ्याचा फार जीव असणार हिच्यावर."

"किंवा धाक असेल कुणाचा," हेडक्लार्क पुटपुटले.

"वा! मंडळात मुरलात तुम्ही!"

मग प्रदर्शन ठरलं, आणि उद्घाटनाला जागेच्या मालकीणबाई! "तिला बरं नाही," हेडक्लार्कांनी सांगून पाहिलं. अध्यक्ष स्वतः रिक्षा घेऊन दारात हजर!

बायकोने बरणीवरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. ती बघतच राहिली. मग "आलेच" म्हणून घरी गेली आणि पदराखाली काहीतरी घेऊन आली. झाकण! बरणीवर ते टक्कन बसलं.

"वहिनी!" अध्यक्ष किंचाळले. "हे कुठल्या थरात मिळालं?"

"स्वयंपाकघरात. बावीस वर्षं रोज पुसतेय." मग नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "अहो, धाकटीला फोन लावा. तुम्हीच बोला."

दहा मिनिटांत धाकटी आली. तिचे सगळे केस पांढरे झाले होते. हेडक्लार्कांना ते बघवेना.

"मी फोडली," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"बरणी जोडलीत, भावजी. आता माझी बावीस वर्षं जोडून द्या."

"देऊ की!" अध्यक्षांचं लक्ष शेवटच्या दोन शब्दांकडेच होतं. "तुकडे सगळे आहेत ना?"

दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या, मग रडल्या, आणि दोघींनी मिळून बरणी उचलून घरचा रस्ता धरला. हेडक्लार्कांना "चला" कुणी म्हटलं नाही.

रिकाम्या टेबलावर पाटी उरली. 'पुरणारा: अज्ञात.' अध्यक्षांनी पेन काढून 'अज्ञात' खोडलं.

"हुद्दा लावू ना?"

"लावा," हेडक्लार्क म्हणाले. "निवृत्त लिहा."