प्रकरण सरकत्या खुणेचं

"डोळे सगळ्यांनाच असतात, नजर एखाद्यालाच असते. आणि नजर असून शिवाय नम्र असलेला माणूस शतकात एकदाच जन्माला येतो," असं आरशातल्या स्वतःला सांगून हेरमामांनी मिशीवरून कंगवा फिरवला.

"मग त्या नजरेने जरा दुसरा मोजा शोधा," मामी बाहेरून म्हणाल्या. "मघापासून एकाच पायात मोजा घालून फिरताय."

"थोर बुद्धी लहान वस्तू शोधत नसते."

"तुमच्या खांद्यावर आहे."

मामांनी खांद्यावरचा मोजा असा काही उचलला, की जणू तो पुरावा म्हणून त्यांनीच तिथे राखून ठेवला होता.

'हेरमामा' हे नाव त्यांच्या भाचीने ठेवलेलं. तिच्या मते ते चिडवण्यासाठी होतं, मामांच्या मते गौरवासाठी. पोटापाण्यासाठी मामा वॉशिंग मशीन दुरुस्त करत. पण ते आपलं वेशांतर आहे, असं ते सांगत. वेशांतर लग्नाच्या आधीपासून चालू होतं. खरा धंदा तपासाचा, आणि त्यातली कामगिरीही काही थोडीथोडकी नव्हती. सायकलचोरीत त्यांनी ज्याला रंगेहाथ पकडलं, तो सायकलचा मालक निघाला. हरवलेल्या पोपटाच्या प्रकरणात पोपट सापडला, फक्त तो दुसऱ्याचा होता.

अशा या माणसाला त्या शनिवारी सकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला.

"अरे, लगेच ये. आमच्याकडे रोज खूण होतेय पुढे."

"खून?" मामा ताडकन उभे राहिले. "रोज?"

"खूण रे! बाणातला ण! पुस्तकातली खूण!"

मामा खाली बसले. मग विचार करून पुन्हा उभे राहिले. "ताई, खुणेपासूनच खुनापर्यंत जाता येतं. कुणी कशाला हात लावू नका. मी निघालो."

"आणि येताना तुझी हत्यारांची पेटी आण. आमचं मशीन भलत्या वेळी सुरू असतं."

"आज मी यंत्रांसाठी येत नाही," मामा करारी आवाजात म्हणाले आणि फोन ठेवला. मामींनी पेटी पिशवीत टाकली आणि त्याही निघाल्या.

ताईच्या घरचा मामला असा होता. ताईची मुलगी, जिला लहानखुरी आणि तिखट म्हणून सगळे मिरी म्हणत, पुस्तकाच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका कचेरीत हिशेबनीस. त्यांनी मिरीने वाचावं म्हणून फ्रिजवर तक्ता लावला होता. रोज इतकी पानं, त्याखाली सही, त्यानंतर सारांश. मिरी पहिल्या दिवशी अडखळली, दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखलं. आणि एकदा वर्गात मोठ्याने वाचताना तिची गाडी एका जोडाक्षरावर रुतून बसली, तेव्हा सगळी पोरं हसली. घरी येऊन तिने दप्तर फेकलं आणि जाहीर केलं, "मी जन्मात पुस्तक वाचणार नाही."

त्या दिवशी ताईने तक्ता काढून टाकला. नवरा-बायकोचं त्यावरून चांगलंच वाजलं. मग ताईने वेगळंच सुरू केलं. जेवणं उरकली की एक जाडजूड गोष्टीचं पुस्तक घ्यायचं आणि थोडंसं मोठ्याने वाचायचं. कुणी ऐका, कुणी लोळा, कुणी चित्रं काढा. प्रश्न विचारायचे नाहीत, सारांश मागायचा नाही, आणि ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचं. गोष्ट होती एका जहाजावरच्या आचाऱ्याची, जो चुकून कप्तान होतो. महिनाभरात भाऊजी डाव आणि ताटली घेऊन जहाजाची घंटा वाजवू लागले होते. त्यांच्या आई, म्हणजे मिरीची आजी, विणता विणता जहाजावरच्या चिडक्या कोंबडीचा आवाज काढू लागल्या होत्या. मिरी तेवढी सोफ्याच्या मागे बसून 'मी ऐकतच नाहीये' असं दाखवत असे.

आणि आता हे. ताई वाचून झालं की पानात निळी फीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी फीत पुढे गेलेली असायची.

"परवा आचारी पिंपात अडकला होता," भाऊजी मामांना दारातच सांगू लागले. "काल फितीपासून वाचायला घेतलं, तर बुवा मेजवानीला बसलाय! पिंपातून बाहेर आला कसा? मला रात्रभर झोप नाही!"

"कुणीतरी पुढे वाचतंय," ताई म्हणाली. "आणि कुणी कबूल होत नाही."

"मिरी असेल तर?" भाऊजींचे डोळे चमकले. "तसं असेल तर मी आजच नवा तक्ता करतो. पानं, वेळ, सही, सगळं!"

ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की भाऊजी घंटेची ताटली पुसायला लागले.

मामांनी पुस्तक हातात घेतलं. डोळे मिटून हुंगलं. बोटाने पान चाचपलं.

"पान दमट आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि साबणाचा वास येतोय."

"मग?"

"मग गुन्हेगार अत्यंत स्वच्छ माणूस आहे. भाऊजी, तुम्ही दिवसातून किती वेळा अंघोळ करता?"

"दोनदा. का?"

"कबुली!" मामा मामींकडे वळले. "टिपून घ्या."

"कशावर टिपू? मी तुमच्या बहिणीचे कपडे दोरीवरून काढायला निघालेय."

भाऊजींनी मात्र शपथेवर सांगितलं की आपण दिवसभर कचेरीत असतो आणि पुढचं कळलं असतं तर पिंपापायी जागलो असतो कशाला? हे मामांना पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. मग त्यांनी दुसरा सिद्धान्त मांडला. दमट पान, जहाजाची गोष्ट, म्हणजे कुणीतरी दर्यावर्दी माणूस घरात येऊन वाचून जातो.

"आमच्या घरात?" आजींनी विचारलं. "मग त्याला जरा चहा तरी देत जा."

मामांची नजर आजींवर स्थिरावली. "आजी, तुम्हाला ऐकू कमी येतं ना?"

"काय?"

"ऐकू! कमी! येतं! ना!"

"ओरडू नकोस रे. नको ते ऐकू येत नाही, एवढंच."

"म्हणजेच ताई वाचते ते तुम्हाला नीट ऐकू येत नाही. म्हणून दुपारी तुम्ही गुपचूप—"

"माझा चष्मा तुझ्या ताईने ते पुस्तक सुरू करायच्या आदल्याच दिवशी दुरुस्तीला टाकलाय. अजून आला नाही," आजी म्हणाल्या. "तू मिशी ठेवलीयस की तोंडाला काही लागलंय, तेही मला दिसत नाही."

तिसरा सिद्धान्त ताईवर होता. स्वतःच फीत सरकवून ती घरात उत्सुकता वाढवते, असा. ताईने त्यावर नुसतं "तू जेवून जाणार आहेस ना?" असं विचारलं, आणि मामांनी तो सिद्धान्त ताबडतोब मागे घेतला.

मिरीची चौकशी सगळ्यात थोडक्यात झाली. ती दारातून आत डोकावली तेव्हा तिच्या कोपरावर फेसाचा ठिपका होता.

"मिरे, तू ते पुस्तक वाचतेस का?"

"मी? पुस्तक?" ती फिस्सकन हसली. "मामा, तू मशीन बघ. तुला तेच येतं."

मामांना ते लागलं. ती गेली आणि थोड्याच वेळात मागच्या गॅलरीतलं मशीन घरघरायला लागलं. त्यांनी बसल्या जागेवरून कान देऊन ऐकलं. ड्रम सरळ फिरत होता, पट्टा घट्ट होता. "ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आता मला विचार करू द्या. संध्याकाळी सगळ्यांनी बैठकीत जमायचं. गुन्हेगाराचं नाव मी तिथे जाहीर करीन."

नाव त्यांना माहीत नव्हतं. पण संध्याकाळला अजून अवकाश होता.

थोड्या वेळाने मामी कपड्यांचा ढीग छातीशी धरून आल्या. ढीग पलंगावर टाकला आणि मामांना बाही धरून बाजूला नेलं.

"अहो, पोरगी वाचतेय."

"कोण पोरगी?"

"या घरात पोरी किती आहेत? मिरी. तुम्ही टेबलावर ठेवलेलं पुस्तक घेऊन मशीनमागे बसलीय. मशीनमध्ये एक कपडा नाही, नुसतं पाणी घुसळतंय."

मामांमधला यंत्रज्ञ आधी दुखावला. "रिकामं मशीन? अहो, पण कशाला?"

"आवाजाला," मामी हळूच म्हणाल्या. "अडखळलं तर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. वाचता वाचता गुंगते, आणि फीत तिथेच राहून जाते. जाऊन ऐका. पण दिसू नका."

मामा चवड्यांवर गेले. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीआड उभे राहिले. मशीनची प्रत्येक कुरकुर त्यांना ओळखीची होती. ती बाजूला सारून ऐकल्यावर खालून एक बारीक आवाज आला.

"क... कप्तानाने सु-का-णू... सुकाणू हातात घे-त-लं. आणि म्हणाला, जहाज वळत का नाही? खलाशी म्हणाला, साहेब, ते सु-काणू नाही, ते... तो... पिंपाच्या झाकणाचा दांडा आहे!"

आणि मिरी हसली. एकटीच, पोट धरून, कुणालाही दाखवायला नव्हे असं. मग तेच वाक्य तिने पुन्हा वाचलं. या वेळी 'सुकाणू'वर गाडी थांबली नाही.

मामा परत आले तेव्हा मिशीला हात लावायचंही विसरले होते.

संध्याकाळी सगळे जमले. मामांच्या आयुष्यात प्रथमच असं झालं होतं, की त्यांना उत्तर माहीत होतं. खरं, पक्कं, पुराव्यासह. यापूर्वी त्यांनी चुकीची नावं छाती पुढे काढून घेतली होती. आता बरोबर नाव घ्यायचं, तर छाती किती पुढे काढावी याला सीमाच नव्हती. मिरी सगळ्यात शेवटी आली आणि सोफ्यामागे न जाता दाराशीच उभी राहिली. तिचं तोंड उतरलं होतं. मामींनी कपडे काढताना आपल्याला पाहिलं, हे तिच्या लक्षात आलं असावं. भाऊजींच्या खिशातून पट्टी आणि रंगीत पेन डोकावत होतं.

"सांगा हेरसाहेब," भाऊजी म्हणाले. "कोण आहे?"

मामांनी मिरीकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं. घसा खाकरला.

"गुन्हेगार," ते म्हणाले, "पंखा आहे."

 आजींच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळला, कारण त्या हसून हसून हलत होत्या.

"पंखा?" भाऊजी ओरडले. "पंखा पानं उलटतो हे समजलं. पण फीतही उचलून ठेवतो?"

"जोरदार पंखा आहे."

"आणि रोज पुढेच? एकदाही मागे नाही?"

"चांगला पंखा मागे वळून पाहत नाही," मामा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज ढळला नाही. "उपायही सांगतो. पुस्तकात दोन फिती ठेवा. निळी घरची, लाल पंख्याची. पंख्याच्या फितीला कुणी हात लावायचा नाही. तो कुठवर आला हे विचारायचं नाही. आणि पंख्याकडे कुणी सारांश मागायचा नाही."

ताईने झटकन मान वर केली. तिचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून ती लाल फीत शोधायला आत गेली.

भाऊजी हिशेबनीस होते. दोन आणि दोन त्यांना जरा उशिराने जमत, पण बरोबर जमत. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग मिरीच्या ओल्या कोपराकडे. तोंड उघडलं. मिटलं. खिशातली पट्टी काढून त्यांनी हळूच सोफ्याच्या गादीखाली सरकवली.

"पंखाच असणार," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

घरी जाताना मामा मिशी चाचपत होते. "सगळे हसले हो मला," ते म्हणाले.

"हसू देत," मामी म्हणाल्या, आणि भर रस्त्यात त्यांनी मामांचा हात धरला. असं त्या सहसा करत नसत.

त्यानंतर लाल फीत निळीच्या कुठच्या कुठे पुढे निघून गेली. कुणी अवाक्षर काढलं नाही. मशीनचं भलत्या वेळी चालणं आधी कमी झालं, मग थांबलं. आणि एका रविवारी मामा-मामी जेवायला आलेले असताना, ताईने पुस्तक उघडलं तेव्हा सोफ्यामागून आवाज आला, "आजचं पान मी वाचलं तर चालेल?"

"चालेल की," ताई म्हणाली, जसं काही कुणी खिडकी उघडू का विचारलं होतं.

मिरीने वाचलं. दोनदा अडखळली. दुसऱ्या वेळी भाऊजींच्या ओठांवर शब्द आला होता. त्यांनी तो गिळला आणि ताटलीवर घंटा वाजवली, जरा अवेळीच. आजींनी कोंबडीचा आवाज काढला. पान संपलं.

"पुढे?" मामांनी विचारलं. ते कधी खुर्चीच्या टोकाला सरकले होते, त्यांनाच कळलं नव्हतं.

"आता तू वाच," म्हणत मिरीने पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

मामांनी चष्मा कधी लावला नव्हता. नजरेच्या माणसाला तो शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, दिव्याखाली नेलं. "मग कप्... कप्तान... शि... शिडा..." त्यांच्या कपाळावर घाम आला. सगळं घर आपल्याकडे पाहतंय, असं त्यांना वाटलं.

मिरी त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. तिने त्यांच्या बोटाखाली आपलं बोट ठेवलं.

"सावकाश, मामा," ती म्हणाली. "कुणाला घाई नाहीये."