लिंबाजी मिस्त्रीची खोल दरज

"सरपंच, साबण खाली ठेवा. सिमेंटला साबण चालत न्हाई."

लिंबाजी मिस्त्री ओरडत होता. आमचे सरपंच पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर दूध संस्थेच्या अंगणात, बरोब्बर मधल्या फरशीवर मांडी घालून बसले होते. एका हातात तांब्या, दुसऱ्यात साबण. मागं अर्धं गाव खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभं.

"मिस्त्री, आंघोळ माझी हाय का फरशीची?"

"फरशीची. तुमी निस्ते मधी बसलाव."

हा प्रकार समजायचा तर आधी लिंबाजी समजला पाहिजे. मी त्याचा भिंतीला भिंत लावून शेजारी, आणि संस्थेचा सेक्रेटरी. शपथेवर सांगतो, या माणसानं चाळीस वर्षांत कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. मान खाली, नजर जमिनीवर. माणसं तो पायांवरून ओळखतो. मी नव्या चपला घेतल्या की दोन दिवस मला ओळख देत नाही. नेकनूरला पुतण्याच्या लग्नात हा भर पंगतीतून रांगत गेला आणि दोन फरशांच्या मधल्या फटीत बोट घालून बसला. वाढपी जिलबी घेऊन आला तर म्हणतो, "थांब बे, इथं दरज पोकळ हाय." अशी फट, म्हणजे दरज, पोकळ दिसली की त्याला घास उतरत नाही. नवरी कशी होती म्हणून विचारलं तर सांगतो, "अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब हाय. संसार नीट करील."

त्या साली पाऊस आमच्या गावाचा पत्ताच विसरला. रानं करपली, चुली काय त्या दुधावर चालत होत्या. त्यात संस्थेच्या अंगणातल्या शहाबादी फरशीच्या दरजा उकलल्या. सांडलेलं दूध त्यात जाऊन नासायचं. वास असा, की टँकरचा ड्रायव्हर नाक धरून एका हातानं गाडी चालवायचा. एकदा लिंबाजीची बायको सोजरमावशी आपल्या म्हशीचं दूध घालायला येताना पाय अडकून पडली आणि भरली किटली उपडी झाली. "बघून चालावं मावशी," मी म्हणालो. ती किटली चाचपत उठली. लिंबाजी तिच्या पायाकडं बघत राहिला.

मग दूध संघाचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून. "दहा दिवसांत दरजा भरा. नाहीतर हे केंद्र बंद. दूध नेकनूरला आणून घालायचं."

नेकनूरपर्यंत चालून जाईपर्यंत उन्हात दुधाचं दही झालं असतं आणि आमचं ताक.

लिंबाजीनं गुडघ्यावर बसून दोन दिवसांत अंगण भरलं. पण नुसतं भरून भागत नाही. आठवडाभर पाणी मारलं नाही, तर सिमेंटचा भुगा. टँकर चार दिवसांनी एकदा येणार, तोही पिण्यापुरता. सरपंच कपाळाला हात लावून बसले.

"पानी न्हाई कसं?" लिंबाजी म्हणाला. "लोक तांब्याभर का व्हईना, अंगावर घेत्यात की. जागा तेवढी बदला."

आणि गाव हललं. गडीमाणसं फरशीवर आंघोळीला बसू लागली. बायका घरी नाहून ते पाणी घमेल्यात धरून आणू लागल्या. विहाराकडची आळी आणि मारुतीच्या पाराकडची, एकाच रांगेत. दसरा सोडून अंग ओलं न करणारेही घासले गेले. सरपंच इतके उजळले, की त्यांचंच कुत्रं दोन दिवस त्यांच्यावर भुंकत होतं. कुणी आंघोळ चुकवली की लिंबाजी रांगेतले पाय न्याहाळून सांगायचा, "भेगाळ टाच आली न्हाई आज. बोलवा तिला."

दहाव्या दिवशी साहेब सळई घेऊन आले. एकेक दरज टोचत निघाले. टण. टण. गाव मागं मागं. अंगणाच्या मधोमध साहेब थांबले. फाटकापासून वजनाच्या टेबलापर्यंत सरळ गेलेली एक दरज बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट खोल होती.

"ही अर्धवट भरलीय. काम अपुरं आहे."

सरपंचांचा सगळा उजाळा उतरला. सगळ्यांनी लिंबाजीकडं पाहिलं. तो फाटकाकडं बघत होता.

"सायेब, जरा सरका. वाटंवर हायेत तुमचे पाय."

सोजरमावशी आली होती. अनवाणी, कडेवर किटली. पायाच्या अंगठ्यानं तिनं ती खोल दरज चाचपली आणि तिच्यातून पाय सरकवत सरळ चालत आली. एवढ्या गर्दीत कुणाला धक्का नाही, एक थेंब सांडला नाही. टेबलाला पोट लागलं तशी थांबली. मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी. मी रोज दोन वेळा तिचं दूध मोजत होतो, आणि बघून चालावं म्हणून तिलाच सांगत होतो.

साहेबांनीही पाहिलं असावं. त्यांनी बादलीभर पाणी मागवलं आणि टेबलापाशी त्या दरजेत ओतलं. पाणी कुठं मुरलं नाही, कुठं थांबलं नाही. सरळ फाटकाबाहेर नालीत गेलं.

"ढाळ उत्तम दिलाय," साहेब म्हणाले आणि तिथंच उभ्या उभ्या कागदावर सही केली.

पुढं काय विचारता. हलगी अशी वाजली, की पाली गावापर्यंत लोकांना वाटलं आमच्याकडं पाऊस झाला. सरपंचांनी त्या दिवशी दोन साबण संपवले.

संध्याकाळी मी त्याच्या दारात जाऊन विचारलं, "मिस्त्री, मावशीला दिसत न्हाई, तर किटली तुमीच का आणीत न्हाई?"

लिंबाजीनं माझ्या चपलांकडं पाहिलं.

"म्हैस तिची हाय," तो म्हणाला.