कलम सात आणि अंगठ्याचा खळगा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संरक्षण खात्याच्या आमच्या खरेदी विभागात माझ्याइतका स्वच्छ माणूस दुसरा नाही! हे स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही त्याला मी काय करू? पुरवठादाराचा चहा मी घेत नाही. पुरवठादार लिफ्टमध्ये शिरला तर मी जिन्याने जातो. आमचा विभाग सहाव्या मजल्यावर आहे आणि पुरवठादार पुष्कळ, त्यामुळे माझी तब्येत उत्तम आहे. ऑफिसातल्या मशीनचं पाणीसुद्धा मला वर्ज्य, कारण ते मशीन कुठल्याशा कंपनीने 'विभागास सप्रेम' दिलेलं आहे. मी घरून बाटली नेतो.

ऑफिसात मला 'गाळणी' म्हणतात. माझ्यातून काही निसटत नाही म्हणून. निदान मला तरी असंच सांगण्यात आलंय.

तर एके दिवशी साहेबांनी बोलावलं.

"गाळणी, सैनिकांसाठी पाण्याच्या बाटल्या घ्यायच्यात. चाळीस हजार. स्पेसिफिकेशन तुम्ही लिहा."

स्पेसिफिकेशन म्हणजे वस्तू कशी हवी त्याचं बारीकसारीक वर्णन. आमच्या धंद्यातली खरी मेख तिथेच असते. लोकांना वाटतं, लाच म्हणजे टेबलाखालून पाकीट. छे! तो अडाण्यांचा मार्ग झाला. हुशार माणूस वर्णनच असं लिहितो, की तशी वस्तू जगात एकच कंपनी बनवते. टोपी हवी, निळी हवी, डोक्यात बसणारी हवी आणि आतल्या बाजूला तीन मुंग्यांचं चित्र हवं! मग काय, जाहिरात सगळ्यांसाठी, स्पर्धा सगळ्यांसाठी आणि काम मुंगीवाल्याला. कायद्याने बोट ठेवायला जागा नाही.

"कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगला हात लावायचा नाही," साहेबांनी बजावलं.

"हात? साहेब, मी त्या कपाटाकडे पाठ करून बसेन!"

आणि खरोखरच बसलो. दार लावून घेतलं. तासाभरात कागदावर एक ओळ उतरली : 'बाटलीत पाणी राहावे.' ओळ चांगली होती, पण तिच्या जोरावर चाळीस हजार बाटल्या आल्या नसत्या. पुढे काही सुचेना. पाणी प्यायला हात लांबवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. समोर ही बाटली आहे की! ना कॅटलॉग, ना पुरवठादार. साध्या दुकानातून बायकोने घेतलेली, घरगुती, निष्पाप स्टीलची बाटली!

पट्टी आणि दोरा घेऊन मापं घ्यायला लागलो. उंची, घेर, तोंड, झाकणाचे आटे. एका बाजूला एक खळगा होता, तोही मोजला. हा खळगा आठवड्यापूर्वीच माझ्या नजरेस पडला होता आणि मी घरी विचारलंही होतं.

"हा खळगा कसला गं?"

"तो ना? तो... अंगठ्यासाठी असतो. धरायला!" असं म्हणून बायको वाळत घातलेले कपडे काढायला जी पळाली, ती अर्ध्या तासाने आली. मी अंगठा ठेवून पाहिला. काय बसला म्हणता! मोजून केल्यासारखा!

मग सरकारी भाषेत कलम सात लिहिलं : 'बाटलीच्या डाव्या अंगास, बुडापासून अकरा सेंटिमीटरवर, चार मिलिमीटर खोल, अंडाकृती अंगुष्ठाधार असावा.' गोल बाटलीला डावं अंग कुठून येतं, हा प्रश्न मला पडला नाही. फाइल वर गेली. अकरा सह्या झाल्या. त्या अकरा जणांपैकीही कोणाला पडला नाही. फाइल जशी गेली तशी खाली आली. अकरा सह्यांत एकही खाडाखोड नाही, म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

मग पुरवठादारांची बैठक झाली. शंका असतील तर निविदा भरायच्या आधी विचारून घ्या, अशी ही बैठक असते. सहा जण आले होते. त्यातला चष्मा कपाळावर चढवलेला एक जुना पुरवठादार उभा राहिला.

"कलम सात. अंगुष्ठाधार. डावखुऱ्या सैनिकांनी काय करायचं?"

आली का पंचाईत! मला काय ठाऊक? पण खुर्चीवर बसून 'ठाऊक नाही' म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

"ती माहिती," मी म्हणालो, "गोपनीय आहे."

झालं! सहाही जणांनी 'गोपनीय' हा शब्द लिहून त्याखाली दोन-दोन रेघा मारल्या. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर! तो खळगा अंगठ्याचा नाहीच म्हणे. त्यात यंत्र बसणार आहे. कोणी म्हणे होकायंत्र, कोणी म्हणे त्याहून भयंकर काहीतरी. आमच्याच विभागातल्या टंकलेखक बाईंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "भाऊ, मला तरी सांगा! कोणाला नाही सांगणार!" मी नुसता हसलो. खरं सांगायचं तर मलाही आतून उत्सुकता वाटायला लागली होती.

नमुने आले. खळगा पाडायला एकाने नवं यंत्र घेतलं होतं, दुसऱ्याने साचा परदेशातून मागवला होता. त्यामुळे बाटलीचा भाव अडीचपट झाला. पण परीक्षण समितीवरचे निवृत्त कर्नलसाहेब अगदी विरघळले. सहाही बाटल्यांतून ते पाणी प्याले आणि अंगठा दाबून डोळे मिटून म्हणाले, "तीस वर्षं नोकरी केली. हातात बाटली धरली की कायम काहीतरी कमी वाटायचं. आज कळलं काय ते!"

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना कोणीतरी निनावी तक्रार केली. कलम सात एका ठरावीक कंपनीसाठी घुसडलंय, असं तिच्यात लिहिलं होतं. आणि आमच्या खोलीत दक्षता विभागाच्या बाई आल्या. त्यांना सगळे दक्षताबाईच म्हणतात. चण लहान, आवाज मऊ. मान तिरकी करून प्रश्न विचारतात, आणि उत्तर मिळालं की त्यांना खरोखर आनंद होतो. मला तर ओरडणारे साहेब परवडले.

"महिनाभर मी बाजार पालथा घातला," त्या म्हणाल्या. "असा खळगा असलेली बाटली कोणीच बनवत नाही."

"मग मी फायदा कोणाचा करणार?" मी विजयी मुद्रेने विचारलं.

"तीच तर गंमत आहे! जी कंपनी अजून जन्मालाच आली नाही तिच्यासाठी कोणी स्पेसिफिकेशन लिहावं, हे मी पहिल्यांदाच बघतेय." त्यांचे डोळे चमकत होते. "सोमवारी समितीपुढे या. हे माप कुठून आलं ते दाखवा. नाही दाखवता आलं तर निलंबन करावं लागेल. बावीस वर्षं झाली ना तुम्हाला?"

"तेवीस."

"अरेरे," त्या मनापासून म्हणाल्या.

मी डगमगलो नाही. कर नाही त्याला डर कशाला? बाटली घरातच होती. त्याच दुकानातून तशीच दुसरी आणायची, समितीपुढे ठेवायची की प्रश्न मिटला. घरी जाऊन बायकोला विचारलं, "ही बाटली कुठल्या दुकानातून घेतलीस?"

"आता काय आठवतंय!"

"आठव ना जरा."

"ते दुकान बंद झालं हो."

"कुठलं ते आठवत नाही, आणि बंद झालं ते आठवतं?"

"दूध उतू जातंय!" म्हणून ती स्वयंपाकघरात पळाली. गॅसवर दूधच नव्हतं. माझ्याच घरात एखाद्या पुरवठादाराने पाय तर ठेवला नसेल? मी बाटली उपडी केली. बुडाला दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती, आणि दुकान दोन गल्ल्या पलीकडे चांगलं उघडं होतं!

दुकानदाराने फळीवरून तशीच बाटली काढून दिली. मी ती फिरवली, पुन्हा फिरवली. गुळगुळीत!

"याला खळगा नाही?"

त्याने माझी बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि तो हसायला लागला. "अहो, हा पोचा आहे! बाटली पडली की येतो."

"अंगठ्यासाठी नसतो?"

"अंगठ्यासाठी?" त्याने डोळे पुसले. "पायाच्या अंगठ्यावर पडली असती तर पोचा आला नसता, एवढाच संबंध! तसलीच हवी असेल तर नवी घ्या आणि आपटा. आपटायचे वेगळे पैसे घेत नाही मी."

घरी कसा पोचलो ते विचारू नका. बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "पोचा आहे हा!"

बायको एकदम उसळली. "हो, पडली माझ्या हातून! धुताना सटकली! सांगितलं असतं तर काय झालं असतं? मागे कपाचा कान तुटला तेव्हा तुम्ही घरातल्या एकेकाला वेगवेगळं बोलावून जबाब घेतलेत! माझ्या आईचासुद्धा! तो कान अजून तुमच्या कपाटात ठेवलाय, पुरावा म्हणून!"

"पण मी साधं विचारलं असतं..."

"तुम्ही विचारता कुठे? तुम्ही चौकशी करता!"

कान खरोखरच कपाटात होता.

रविवारी साहेबांचा फोन आला. त्यांना मी सगळं खरं सांगितलं होतं, त्यामुळे आवाज अगदी खाली आला होता. "गाळणी, अंगठाच म्हणा! कर्नलसाहेब आपल्या बाजूने आहेत. अकरा सह्या आहेत हो! पोचा म्हणालात तर अकराच्या अकरा बुडतील, आणि पहिले तुम्ही!"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. अंगठा म्हटलं की नोकरी वाचत होती. पण चाळीस हजार सैनिक आमच्या मोरीतला पोचा अडीचपट भावाने हातात धरून फिरणार, हे डोळ्यांसमोरून हलेना. सोमवारी समितीपुढे घरची आणि दुकानातून आणलेली नवी, अशा दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि म्हणालो, "हा पोचा आहे. आमच्या घरी पडला."

कर्नलसाहेब ताडकन उठले. "अशक्य! माझा अंगठा खोटं बोलत नाही!"

दक्षताबाईंनी मात्र मान तिरकी करून साहेबांना विचारलं, "सही करताना तुम्ही हे काय आहे असं विचारलं नाहीत?"

"मला वाटलं, वरून आलंय."

वरचे साहेब शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "आम्हाला वाटलं, खालून आलंय."

"अकरा सह्या," दक्षताबाई पुटपुटल्या, "आणि प्रश्न एकही नाही." एवढा आनंद त्यांना त्या महिन्यात झाला नसावा.

निविदा रद्द झाली. नोकरी वाचली. निकालाचा कागद मी घरी नेला आणि बायकोने तो मोठ्याने वाचला : 'सदर कर्मचाऱ्याचा हेतू शुद्ध असल्याचे दिसून येते. भ्रष्टाचारास आवश्यक ती किमान हुशारी त्यांच्या ठायी आढळून आली नाही.' दुसरं वाक्य तिने दोनदा वाचलं.

मी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट कपाचा कान काढून कचऱ्यात टाकला आणि म्हणालो, "यापुढे काही मोडलं, फुटलं, तर खुशाल सांग. चौकशी नाही. शब्द!"

"नक्की?"

"नक्की!"

"मग बसा," ती म्हणाली, आणि स्वतःही बसली. मग सुरू झाली यादी! माझं घड्याळ आपोआप बंद पडलं नव्हतं. माझी पांढरी छत्री चोरीला गेली नव्हती. मी प्रत्येक वेळी नुसता 'बरं' म्हणत होतो. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं आणि पुढे काय निघतंय याची मजाही.

"आणि शेवटचं," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी तुम्ही सैन्याच्या भटारखान्यासाठी आमटी वाढायचा डाव ठरवला होतात ना? घरचा मोजून?"

"हो. त्याचं काय?"

"त्याचा दांडा तसा तिरका नव्हता. खिडकी अडकली होती, ती मी त्याने उघडली."

साठ हजार डाव! दोन वर्षं सगळं सैन्य त्यानेच वाढून घेतंय! 'दांड्याचे विशेष वळण पातेल्याच्या तळापर्यंत उत्तम पोचते' असं वरून प्रशस्तिपत्रही आलंय. ते आमच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेलं आहे. मी त्याच्याकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं. "शब्द दिलाय तुम्ही," ती म्हणाली.

तिला दिला होता. दक्षता विभागाला नव्हता. प्रामाणिक माणसाने अशा वेळी काय करायचं ते स्पष्टच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच मी दक्षताबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. त्यांनी फाइलमधून डोकं वर काढलं, मान तिरकी केली आणि त्यांचे डोळे चमकायला लागले.

"या ना! काय झालं? काही सांगायचं होतं?"

"छे, छे!" मी म्हणालो. "सहज आलो होतो!"