स्टोनहेंजची रंगीत तालीम

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील प्राचीन शिळावर्तुळांना तीन दिवसांची भेट द्यावी, असा ठराव ओमानमधल्या सोहारच्या आमच्या मराठी स्नेहसंघाने एकमताने मंजूर केला. कल्पना सुगंधाबाईंची. इथल्या भारतीय शाळेत त्या इतिहास शिकवतात आणि पुस्तकातला अंगठ्याएवढा फोटो दाखवून मुलांना स्टोनहेंज समजावत आल्या आहेत. या वर्षी त्या निवृत्त होणार, नोकरीबरोबर इथला व्हिसा संपणार आणि त्या कायमच्या चिपळूणला परतणार. "त्याआधी एकदा त्या दगडांना हात लावायचाय हो," असं त्या म्हणाल्या तेव्हा सभागृह हेलावलं. सभागृह म्हणजे माझा हॉल.

सहलप्रमुखपदी एकनाथरावांची बिनविरोध निवड झाली. ते स्टील प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहेत आणि कठडा न धरता जिना उतरणाऱ्या पाहुण्याला त्यांच्या घरी चहा मिळत नाही. त्यांनी स्टोनहेंजचा फोटो मोबाइलवर मोठा करून बराच वेळ पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"हे आडवे दगड वर कोणी ठेवले?"

"साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी," सुगंधाबाई म्हणाल्या.

"परमिट होतं?"

"अहो, तेव्हा लिपीसुद्धा नव्हती तिकडे."

"म्हणजे नव्हतं. थर्ड पार्टी इन्स्पेक्शन? तेही नाही. डोक्यावर एवढा लोड, आणि जवळपास पब्लिक सेल्फी काढतंय! माझ्या साइटवर असतं तर मी एका मिनिटात काम बंद केलं असतं. खलास!"

"पण अजून पडले नाहीत ना ते?"

"नाही पडले, हाच तर धोका आहे, मॅडम. म्हणजे आता कधीही पडतील."

सभेने हा युक्तिवाद उचलून धरला. प्रत्येक प्रवाशाला हेल्मेट, चमकतं जाकीट आणि लोखंडी चवड्यांचे बूट सक्तीचे झाले. मग असं लक्षात आलं की सहलीतलं दुसरं शिळावर्तुळ असलेल्या एव्हबरी गावात दगडांच्या मधून मेंढ्या मोकळ्या चरतात आणि तिकडे चिखलही असतो. आम्ही निम्मे लोक कोकणातले, चिखलात लोळून मोठे झालेलो. पण ओमानमध्ये राहून चिखलाचा सराव सुटला आहे, हे सर्वांनी मान्य केलं. तेव्हा निघण्यापूर्वी एक मॉक ड्रिल घ्यावी, असं ठरलं.

ड्रिल घ्यायची तर स्टोनहेंज हवं. रत्नागिरीचे रशीदभाई प्लायवुडचा धंदा करतात, त्यांनी यार्ड देऊ केलं. "अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, बोललोय मी. शुक्रवारी यार्ड खाली असतं. यल्ला, चला, उभं करून टाकू," ते म्हणाले. गणपतीची आरास करून करून आमच्या मंडळींचे हात थर्माकोलवर बसलेले आहेत. दोन-तीन शुक्रवारांत वर्तुळ उभं राहिलं. खऱ्या स्टोनहेंजमधले बरेच दगड पडलेले आहेत, आम्ही मात्र सगळे उभे केले, कारण अर्धवट काम एकनाथरावांना खपत नाही. हिरवळीसाठी हिरवा गालिचा आला. मेंढ्या मिळाल्या नाहीत म्हणून शेळ्या आणल्या आणि टँकरच्या पाइपने इंग्लिश रिमझिम पाडण्यात आली.

ड्रिल विलक्षण यशस्वी झाली. शिटी वाजताच सगळे शिस्तीत पळाले, एक शेळी थोडं थर्माकोल खाऊन गेली, एवढीच काय ती पुरातत्त्वीय हानी. मग अर्थातच फोटो निघाले. ते गावाकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचा पाऊस पडला. "थंडी आहे का रे तिकडे?" असं माझ्या मावशीने विचारलं. खोटं बोलायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं. खरं सांगायचं, असं मात्र काही ठरलं नव्हतं.

पुढच्या सभेत एकनाथराव उभे राहिले. "उद्दिष्ट काय होतं? दगड बघणं. बघितले. फोटो आले. अपघात शून्य. आता पुन्हा तिकडे जाऊन रेकॉर्ड कशाला खराब करायचा?"

"पुन्हा?" सुगंधाबाई ताडकन उठल्या. "अहो, आपण गेलोच नाही आहोत!"

"तो तपशील झाला, मॅडम."

"आणि लगेच दुसऱ्यांदा इंग्लंडला गेलो तर लोक म्हणतील, शायनिंग मारतायत," कोपऱ्यातून जितेश म्हणाला. हा मुद्दा सर्वांना पटला आणि सहल यशस्वीरीत्या पार पडल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. सुगंधाबाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते पाहून मी सर्वांना चहा विचारला.

बाई एकट्या गेल्या. हेल्मेटसुद्धा न घेता. संघाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. स्टोनहेंजच्या दगडांना हात लावू देत नाहीत, एव्हबरीत देतात; तिथून त्यांचा एकच फोटो आला: ओला राखाडी दगड, त्यावर त्यांचा तळहात आणि कडेला अर्धी मेंढी. मागोमाग फोन आला. "अहो, गार होता हो दगड! हात ठेवला आणि मला रडूच कोसळलं. ती मेंढी नुसती बघत राहिली माझ्याकडे." बाई रडता रडता हसत होत्या. मला त्यांचा मनापासून हेवा वाटला.

मग वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठाचा प्रश्न निघाला. लोकशाही मार्गाने जायचं म्हणून दोन्ही फोटो ऑनलाइन मतदानाला टाकले. "हा दगड कुठलाही असू शकतो," असं एकाने लिहिलं. "हातमोजे कुठायत?" असं एकनाथरावांनी विचारलं. बाई आमच्याबरोबर आल्या असत्या तर त्यांना इंग्लंड नीट बघायला मिळालं असतं, अशी हळहळही अनेकांनी व्यक्त केली.

बाईंच्या फोटोला एक मत पडलं, ते त्यांचं स्वतःचं. माझं यार्डातल्या फोटोला गेलं, कारण त्यात मी बारीक दिसतो. आमचा संघ चाळीसेक जणांचा, मतं मात्र हजारोंनी आली. मतदानाची लिंक फिरत फिरत तुमच्याही ग्रुपवर आली होती. तुम्ही घाईत होता, वरवर पाहिलंत, छान दिसला त्या फोटोला अंगठा दिलात आणि खाली "एन्जॉय!" असंही लिहिलंत. स्नेहसंघ आपला आभारी आहे.