फुलचूरच्या भोंग्यावर विलायतेची फायनल

“माय-बहिणींनो, ध्यान द्या! नळाच्या पाण्यासाठी सोमवारी सकाळी मोर्चा! रिकाम्या घागरी घेऊन या! काल विलायतेत टकल्यानं चष्मेवाल्याले साफ धुतलं! घागर नसन तर बकेट आणा, पण या!”

ही घोषणा आमच्या संघटनेची. टकल्या आणि चष्मेवाला सोडून. ते दोघे प्यारेलाल टेंभरे यांचे.

प्यारेलालकाका फुलचूरला आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांच्याकडे एक ऑटो आहे, ऑटोच्या टपावर दोन भोंगे आहेत आणि तिसरा त्यांच्या गळ्यात आहे. हरवलेली बकरी, साड्यांचा सेल, निवडून आलेल्याचे आभार, सगळं ते एकाच उत्साहात सांगतात. कोणाची अंत्ययात्रा दुपारी निघणार हेसुद्धा असं सांगतात, की ऐकणाऱ्याला पंगतीचं आमंत्रण वाटावं.

आणि प्रत्येक घोषणेत डार्ट्स.

डार्ट्स म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, आणि त्याचं मला दुःखही नव्हतं. भिंतीवर गोल फळा टांगायचा, त्यावर आकड्यांची घरं, लांबून बारके बाण फेकायचे. सुरुवातीला प्रत्येकाजवळ पाचशे एक. एका पाळीत तीन बाण, जितके मारले तितके वजा. जास्तीत जास्त एकशे ऐंशी जातात. जो आधी शून्यावर आला तो जिंकला, पण शेवटचा बाण डबलच्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, बारीक पट्टीतच बसला पाहिजे. याचे धंदेवाईक खेळाडू आहेत. मोठमोठ्या स्पर्धा भरतात. माणसं चित्रविचित्र टोप्या घालून हॉलभर बोंबलतात. आणि इकडे आमच्या बाया हापशीवर रांग लावून उभ्या! मी पत्रकं लिहिणारी मुलगी. मला हे सहन होईना.

“काका, हा जनतेचा भोंगा आहे,” मी पहिल्याच दिवशी ऑटोत मागे बसून सुनावलं. “भाडं संघटनेनं दिलंय.”

“भाडं मोर्च्याचं दिलं नं, बेटा? मोर्चा सांगतला. डार्ट्स फुकट आहे.”

“लोकांचं लक्ष मूळ प्रश्नावरून उडतं!”

“उलटं आहे. मोर्चा मोर्चा ऐकलं का लोक दरवाजा लावते. डार्ट्स ऐकलं का बाहीर येऊन पाहते, प्यारेलालचं डोस्कं फिरलं का म्हणून. बाहीर आले का मग मी मोर्चा घुसवतो.”

खरंच तसं होत होतं. त्यामुळे मला आणखी राग आला.

खेळाडूंची इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी नव्यानं केली आहेत. टकल्या, चष्मेवाला, लाल शर्टवाला. एक कोवळा खेळाडू आहे, त्याचं नाव ‘आमगावचा जावई’. तोंडवळा तसा आहे म्हणे. फुलचूरच्या बायांनी मोर्च्याबद्दल मला एक प्रश्न विचारला नाही, पण ऑटो थांबवून विचारायच्या, “प्यारेभाऊ, जावयाचं का झालं?”

“जिंकला!”

“बरं झालं माय. सासू खुश असन.”

कशालाही गुण देण्याची त्यांना सवय आहे. चहा जमला, “एकशे अस्सी!” खड्डा चुकवला, “एकशे अस्सी!” मी रात्र जागून लिहिलेलं पत्रक त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, “साठ.”

“साठ? काऊन?”

“लय लंबं आहे. डबलात मारून खतम करा लागते, बेटा. तुझं पत्रक शून्यावर येतच नाई.”

हेही मी गिळलं. पण तलावाकडच्या गल्लीत माझा संयम संपला.

त्या गल्लीच्या शेवटच्या घरापुढे काका ऑटो बंद करत. दार लावलेलं, खिडकी अर्धी उघडी. तिथे मोर्च्याचं नावसुद्धा निघत नसे. तिथे पूर्ण सामना, पाळी न् पाळी. किती गेले, किती उरले, फेकणारा घामेजला, टोपीवाले ओरडले. बाकी फुलचूर तसंच पडलेलं, आणि आमचा भोंगा एका बंद दाराला विलायत ऐकवतोय! चौथ्या फेरीला मी ऑटोतून उतरले, सरळ दार वाजवलं, आणि उघडल्याबरोबर पत्रक पुढे केलं.

दारात सुमनकाकू रामटेके होत्या. त्यांनी पत्रक घेतलं, मागं दार ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊजीले रागावू नको, बाई. ऑटो आमच्या ह्यांचाच आहे.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान नामदेवकाका ऑटो चालवायचे, प्यारेलालकाका बोलायचे. जन्मभराची जोडी. संध्याकाळी दोघे याच घरात टीव्हीपुढे बसत. एकदा कबड्डी शोधता शोधता डार्ट्स लागलं, आणि मग दुसरं काही लागलंच नाही. पुढे साखरेच्या आजारानं नामदेवकाकांचे डोळे गेले. त्यांनी किल्ली दोस्ताकडे पाठवली, टीव्ही भाच्याला देऊन टाकला आणि निरोप धाडला, की कीव करायला कोणी येऊ नये. “प्यारेलाल दारात आला, तर मी उठून चालायला लागीन, आणि कुठं चाललो ते मले दिसणार नाई.”

“भाऊजी भेले,” काकू म्हणाल्या. “दारात येत नाई. गल्लीत येते. गल्ली का आमची आहे?”

“आणि काका काही बोलतात?”

“एक शब्द नाई. पण भोंगा ऐकला का खुर्ची खिडकीपाशी ओढते.”

मी परत येऊन ऑटोत बसले. काका मला बघत नव्हते, आरसा पुसत होते. डार्ट्स निव्वळ आकड्यांवर चालतं. किती गेले, किती उरले हे कोणी नीट सांगितलं, तर ते बघावं लागत नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“ही स्पर्धा कधीपर्यंत आहे?” मी विचारलं.

“उद्या फायनलचा निकाल सांगतो.”

“मग?”

“मग का? बकऱ्या हरवतेच लोकाच्या.” त्यांनी किक मारली, ऑटो चालू झाला नाही. “पण बकरीसाठी एका घरापुढं किती वेळ थांबू? मलेच सांग.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच मोबाइलवर फायनल पाहून घेतली होती. टकल्या विरुद्ध आमगावचा जावई. वाटेत बाया विचारत राहिल्या, त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. मोर्चा मात्र आमच्या पत्रकातला शब्द न् शब्द सांगितला. इतका, की मलाच तो लांबलचक वाटला.

तलावाकडच्या गल्लीत ऑटो थांबला. पाणी पिऊन काकांनी माइक धरला.

“दोघं बरोबरीत! शेवटचा डाव! जावई मारते... एकशे अस्सी! उरले तीनशे एकवीस. आता टकल्या... साठच! टोपीवाले चूप! पुन्हा जावई... शंभर! उरले दोनशे एक.”

मी दचकले. इतक्या दिवसांत ती वजाबाकी माझ्याही कानात बसली होती. “काका, दोनशे एकवीस.”

त्यांनी माइक मुठीत दाबला. “चूप बस नं, बेटा.” मग माइक तोंडाशी नेऊन, सावकाश, “उरले... दोनशे एक.”

आत कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच.

“दोनशे एक!” काका ओरडले. दोन्ही भोंगे कर्रर्र झाले.

“अबे ए प्यारे!”

आवाज घोगरा, न वापरलेला. “तीनशे एकवीसातून शंभर गेले तं दोनशे एक उरते का बे? कोणत्या शाळेत गेलता?”

“दोनशे एकच उरते! मी सोता मोबाइलवर पाहिलं!”

“डोळे माझे गेले का तुझे?”

गल्लीतली दारं उघडली होती. काकांनी माइक जवळ घेतला.

“माझे बी गेले असन,” ते म्हणाले. “तू मोजून दाखव.”

“वीस खाल्ले तू! पोराचे वीस खाल्ले! लाज नाई वाटत?”

“नाई वाटत! का करतं? बाहीर ये!”

कडी वाजली. बनियन घातलेला एक उंच म्हातारा चौकट चाचपत बाहेर आला. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताचं बोट रोखलेलं. “दोनशे एकवीस!” तो गरजला. बोट माझ्याकडे होतं. मी ऑटोच्या पलीकडे, पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी.

प्यारेलालकाकांनी माइक सीटवर ठेवला, उतरले आणि त्या बोटासमोर येऊन उभे राहिले.

“बरं,” ते म्हणाले. “दोनशे एकवीस.”

बोट तसंच राहिलं. मग ते थोडं पुढं सरकलं, काकांच्या खिशातल्या पेनला लागलं आणि तिथंच थांबलं.

“पुढं?” नामदेवकाका म्हणाले.

“टकल्याची पाळी.”

“आत बसून सांग. उन्हानं आकडे बिघडून राहिले तुझे.”

दोघे आत गेले. माझ्या दोन गल्ल्या राहिल्या होत्या. एरवी मी भाड्याचा विषय काढला असता. गठ्ठा काखेत मारला आणि पायीच निघाले. मोर्चा गळ्यानं सांगावा लागला, आवाज तिसऱ्याच घराशी बसला. मागे त्या खिडकीतून टकल्याच्या एका बाणावरून भांडण जुंपलेलं ऐकू येत होतं, आणि दोघांपैकी कोणालाही निकालावर यायची घाई नव्हती.