नोकरी सोडल्याचे पेढे

लोक नोकरी लागली की पेढे वाटतात. आमचे शेजारी रज्जाकभाऊ नोकरी सोडली की वाटतात. कोरपन्यात आमच्या दोन घरांची भिंत एकच, त्यामुळे पहिला पेढा माझ्या वाट्याला येतो.

"घ्या बाबू. सोडून देल्ली."

"आता कुठी?"

"पाहू. हातात वेल्डिंग आहे, पायात चप्पल आहे."

कोळशाची खाण, सिरोंच्याची राइसमिल, नदीवरचा पूल... अशा अकरा नोकऱ्यांचे पेढे मी खाल्ले. मी स्वतः मात्र सिमेंट कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं एकाच खुर्चीवर. बदलीचा अर्ज एकदाच केला होता, तोही पंख्याखालच्या टेबलासाठी. नामंजूर झाला तेव्हा मला मनातून हायसं वाटलं. जुन्या टेबलाचा खण कसा उघडायचा, हे फक्त मलाच माहीत होतं ना!

तरी उपदेश करायला मीच पुढे. "भाऊ, माणसानं एका जागी टिकून राहावं."

"बाबू, तुमी खांब आहा. खांब पायजेच. पण साऱ्यायनंच खांब होऊन कसं चालन?"

मग ते आमच्याच कारखान्यात आले. माल वर चढवणारा बादल्यांचा पट्टा आठवड्यातून दोनदा अडकायचा. रज्जाकभाऊंनी राइसमिलमध्ये शिकलेली युक्ती लावली आणि पट्टा निमूट फिरू लागला. वर्षभरात पुन्हा पेढे. त्यांच्यामागे आणखी दोन वेल्डर गेले. साहेब घाबरले आणि उरलेले जाऊ नयेत म्हणून सगळ्यांचाच पगार वाढवला. माझाही! मी नोकरी सोडायची धमकी तर राहू द्या, कधी धड रजासुद्धा मागितली नव्हती.

"ते गेले म्हनून तुमचा वाढला," बायको म्हणाली. त्या दिवसापासून मी उपदेश बंद केला.

यंदा स्टोअरचं काम संगणकावर गेलं आणि माझी खुर्चीच गेली. पोंभुर्ण्याच्या एका नव्या बांबू कारखान्याला स्टोअरकीपर हवा आहे, ही खबर रज्जाकभाऊंनीच आणली. मुलाखतीला मोटरसायकलवर घेऊनही गेले. गेटपाशी उतरलो आणि आत जायचं सोडून मोटरसायकलच धरून उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस मी, पण शाळेच्या पहिल्या दिवसाच्या पोरासारखा.

"भाऊ, परत जाऊ. पुन्हा कधीतरी येऊ."

वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

"पयली नोकरी बदलली तवा मी गेटवरून तीन डाव वापस आलो होतो, बाबू. संगं बोलाले कोणी नव्हतं. अजून बी दर गेटपाशी तसंच होते मले."

त्यांनी माझी कॉलर नीट केली. "जा तुमी. मी इथीच आहो."

आत दिवसभर बसवून ठेवलं. पाचला बाहेर आलो, तर ते मोहाच्या झाडाखाली बसून होते. बाजूला त्यांच्या बायकोनं, भाभींनी, दोघांसाठी दिलेला डबा, तसाच बांधलेला.

"जेवले नाई काऊन?"

"तुमी आत उपाशी असान म्हनून."

नोकरी लागली होती. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी आधी माझ्या हातात पोळी ठेवली.