दत्तूची फाटकी कॅसेट

दत्तू रॅप लावल्याशिवाय गणपतीचे डोळे आखत नाय. पेणच्या आमच्या आळीत सगळे त्याला येडा म्हणतात. मी तर तोंडावर म्हणायचो.

वय बावन्न, लग्न नाय, टोपी कायम उलटी. कारखान्यात साच्यातून मूर्ती मी काढायचो, डोळे तो आखायचा. तरुणपणी रोह्याच्या भंगारवाल्याकडनं खोकंभर परदेशी रॅपच्या कॅसेटी आणल्या, तिथनं हे खूळ लागलं.

"गाणं नाय काका, कबुली हाय," हे त्याचं ठरलेलं.

"इंग्रजी कळतं काय रे तुला?"

"नाय. पण माणूस आतनं बोलतो का वरनं, ते कळतं."

मग न विचारता सांगायचा. नव्वद सालातली पोरं म्हणे भांडून दुःख सांगायची. पुढची रडून सांगायला लागली. आता मोबाईलवर आपल्या भाषेतली ऐकतो, ती नुसती पुटपुटतात, बापाला फोन लावलाय आणि काय बोलावं सुचत नाय तशी.

"तीस वर्षं झाली काका. दुःख तेच, आवाज खाली आला."

"मग तुझा पण आण खाली," मी म्हणायचो.

माझी बायको सुमन तिथंच रंगाच्या वाट्या धुवायची. तिला मात्र त्याचं भारी कौतुक.

आषाढात सुमन गेली. दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं आणि भिंतीपलीकडं दत्तूच्या घरात ढब ढब सुरू. मी तसाच उघडा त्याच्या दारात गेलो.

"मेल्या, माझ्या घरात सुतक आणि तुला नाच सुचतो?"

कॅसेट उपसली, फीत ओढून काढली, अंगणातल्या चिखलात तुडवली. सगळी आळी बघत होती. तो एवढंच म्हणाला, "काका, ऐका तरी." कोणाचा आवाज आहे ते ऐकायलाही मी थांबलो नाय.

दुसऱ्या दिवशी त्याची वहिनी येऊन बोलली, "ती कॅसेट काकींची होती. जेवणाच्या सुट्टीत त्या बोलायच्या, भावोजी टेपवर भरून घ्यायचे."

सुमनचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता.

कारखान्यात गेलो. गणपती तोंडावर आलेले, मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या, मालक बोंबलतोय आणि दत्तू डोळे आखायच्या बारीक कुंचल्यानं फितीवरचा चिखल काढतोय. तुटलेलं चिकटपट्टीनं जोडतोय. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर "चहा घेतलास काय?" एवढंच निघालं.

दोन दिवसांनी त्यानं टेप लावला. ढब ढब, आणि सुमन.

"भात शिजला, हा जेवला, बोलला नाय. पोर सासरी गेली, हा न्हाणीत रडला, बोलला नाय."

मागनं दत्तू हसतोय, "वा काकी!" मग नुसती खरखर.

"पुढचं नाय जुळलं, काका."

"काय होतं?"

त्याला पाठ होतं. खाली बघत, डब्यावर बोटानं ताल धरून त्यानं म्हटलं, "मी गेले की दत्तू, हे मोठ्यानं लाव. ह्याला रडव. नायतर आतल्या आत कुजेल."

म्हणून लावलं होतं त्यानं.

"तेव्हाच का नाय सांगितलंस रे?"

"पाहुण्यांसमोर? काकी तुमच्याबद्दल असं बोलायच्या, ते चारचौघांत कसं सांगू?" टेप बंद करत म्हणाला, "आणि काका, माझं ऐकायला पण काकीच एक होत्या."

तो पाठ करून मूर्तीकडं वळला. कुंचला उचलला, पण हात हलेना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला दोन पावलं पुढं गेलो, आणि न ठेवताच घरी आलो.